आशीर्वादाची आगाऊ रक्कम

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या माणसाच्या खोलीत टीव्ही असो वा नसो, हातात मोबाइल असतोच. आणि त्या मोबाइलवर येशूच्या नावाने बोलणारे उपदेशकही असतात. कोणी हिंदीत बोलतो, कोणी मराठीत, कोणाचे मूळ इंग्रजी भाषण डब केलेले असते. मांडणी मात्र बहुधा ठरलेली. आधी गाणी, मग कोणाची तरी साक्ष: नोकरी गेली होती, कर्ज डोक्यावर होते, पोटात गाठ होती, प्रार्थना केली, ‘बीज पेरले’ आणि सगळे पालटले. मग उपदेशक कॅमेऱ्यात रोखून पाहतो आणि सांगतो की हा कार्यक्रम बघणाऱ्यांपैकी कोणीतरी कंबरदुखीने बेजार आहे, कोणीतरी सावकाराच्या तगाद्याने, आणि देव या घडीला त्याच्याशीच बोलतो आहे. नेमक्या त्याच वेळी खालच्या पट्टीत फोन नंबर आणि कोपऱ्यात पैसे पाठवायचा क्यूआर कोड झळकतो. दिवसभर पोती उचलून ज्याची कंबर खरोखरच धरली आहे, त्याला हे शब्द आपल्यासाठीच आहेत असे वाटले तर तो त्याचा भोळेपणा नव्हे. तसे वाटावे अशीच त्या कार्यक्रमाची बांधणी असते.

या शिकवणुकीला समृद्धीची शिकवण म्हणतात. विश्वासणाऱ्याला आरोग्य आणि पैसा देणे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे. ते पदरात पाडून घ्यायचे तर ते मिळालेच आहे असे तोंडाने ठामपणे कबूल करायचे आणि विश्वासाची खूण म्हणून आधी द्यायचे, हा तिचा गाभा. तिच्यावर टीका करताना लोक उपदेशकांची विमाने, बंगले आणि घड्याळे मोजतात. ते मोजावेच, पण त्यावरून निकाल लावला तर साधा राहणारा उपदेशक आपोआप निर्दोष ठरतो, आणि शिकवण तशीच राहते. मला वाटते तिची खरी पारख एकाच प्रश्नाने होते: अपयशाचे ती काय करते? जो प्रार्थना करूनही बरा झाला नाही, ज्याने दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, भरूनही नोकरी गमावली, त्याच्या पदरात ती काय टाकते? उत्तर ठरलेले आहे. तुझा विश्वास कमी पडला. यश आले तर ते देवाचे आणि उपदेशकाच्या अभिषेकाचे. अपयश आले तर ते तुझे एकट्याचे. कोणत्याही अनुभवाने जी खोटी ठरूच शकत नाही, अशी ही रचना आहे, आणि तिची किंमत सगळ्यात दुबळा माणूस मोजतो.

ही शिकवण अमेरिकेत घडली आणि तिथेच तिचे परिणाम आधी दिसले. ई. डब्ल्यू. केन्यन आणि त्यांच्या मागून केनेथ हेगिन यांनी तोंडाने कबूल करण्याची बाजू मांडली. ओरल रॉबर्ट्स यांनी ‘बीज’ ही कल्पना रुजवली, म्हणजे आधी देणगी पेरा, मग देव पीक देईल. याच रॉबर्ट्स यांनी 1987 मध्ये टीव्हीवरून जाहीर केले की 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला उचलून नेईल. टीव्हीवरचे दुसरे बडे नाव जिम बेकर; देणगीदारांची फसवणूक केल्याबद्दल 1989 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. 2007 मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी अशा सहा मोठ्या संस्थांकडे खर्चाचा तपशील मागितला. काहींनी दिला, काहींनी नाही, आणि 2011 मध्ये कोणालाही दंड न होता ती चौकशी संपली. त्या सहांपैकी एक बेनी हिन यांची. 2004 मध्ये मुंबईत आणि जानेवारी 2005 मध्ये बेंगळुरूत त्यांच्या रोग बरे करण्याच्या प्रचंड ‘चंगाई’ सभा झाल्या, म्हणून आपल्याकडच्या जुन्याजाणत्यांना हे नाव ओळखीचे आहे. त्याच हिन यांनी सप्टेंबर 2019 मध्ये जाहीरपणे सांगितले की अमुक रक्कम द्या म्हणजे चमत्कार होईल असे म्हणणे हा देवाचा अपमान आहे आणि आपण आता तसे मागणार नाही. भारतात या पद्धतीचे एक मोठे घर चेन्नईचे ‘जीझस कॉल्स’, डी. जी. एस. दिनकरन यांनी उभे केलेले. मुलांसाठी, कुटुंबासाठी, व्यवसायाच्या आशीर्वादासाठी तिथे वेगवेगळ्या सहभाग-योजना आहेत. जानेवारी 2021 मध्ये आयकर खात्याने त्यांच्या ठिकाणांवर झडती घेतली. झडती म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. माझा आक्षेप तसाही त्यांच्या कराच्या हिशेबावर नाही. आशीर्वादाला योजनेचे रूप दिले की ज्याला हप्ता परवडत नाही त्याचे काय, हा तो आक्षेप आहे.

हा प्रश्न बोईसर-तारापूरमध्ये विशेष टोकदार होतो. 1969 मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आले, आणि देशभरातून माणसे आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूरचे प्रदूषण सर्वाधिक निघाले. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली. ऑगस्ट 2025 मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार गेले. इथल्या आजारपणाला आणि कंगालपणाला कारणे आहेत, ती डोळ्यांना दिसतात: झडपेची देखभाल झाली नाही, सुरक्षेची साधने दिली नाहीत, ठेकेदाराने भविष्य निर्वाह निधी भरला नाही, सांडपाणी खाडीत गेले. अशा ठिकाणी एखाद्या भाजलेल्या किंवा खोकत राहणाऱ्या कामगाराला ‘तुझ्या जीवनात कुठेतरी अविश्वास आहे’ असे सांगणे म्हणजे ज्याने नुकसान केले त्याच्यावरची नजर काढून ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर रोखणे.

आणि हे सांगताना बायबलचा आधार घेतला जातो, जे बायबल नेमके उलट बोलते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, हेच उत्तर. ईयोबाचे अख्खे पुस्तक या एकाच प्रश्नावर उभे आहे. दुःख आले म्हणजे तुझेच काही चुकले असेल असे ठासून सांगणाऱ्या त्याच्या तिघा मित्रांना शेवटी देव दोष देतो. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवले आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असे म्हणायला कोणता उपदेशक तयार होईल?

समृद्धीवाल्यांचे सगळ्यात आवडते वचन मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले आहे: सगळा दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशाची कवाडे उघडतो की नाही ते पाहा, अशा अर्थाचे. हे दहावे वचन. तोच अध्याय पाच वचने मागे वाचला तर देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो ते कळते. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्याला नाडणारे, परक्याला न्याय न देणारे, यांच्याविरुद्ध. तो दशमांशसुद्धा कोणा एका वक्त्याच्या खात्यासाठी नव्हता. तो मंदिराची सेवा करणाऱ्या, वतन नसलेल्या लेव्यांसाठी होता, आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी परक्यांसाठी, पोरक्यांसाठी आणि विधवांसाठी होता. कारखान्याच्या फाटकाशी महिन्याचा पगार अडकलेल्या माणसाला दहावे वचन ऐकवायचे आणि पाचवे गाळायचे, ही निवड निरागस नाही. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्टही अशीच वापरली जाते. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती येते, पण तिच्या लगेच आधी येशू लांब प्रार्थना म्हणत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलेला आहे. तिने दिले याचे त्याला कौतुक आहे. तिला अधिक परत मिळाले असे मात्र तो सांगत नाही आणि मार्कही लिहीत नाही.

पालघर जिल्ह्याच्या मातीतला जो संत, त्याचा मार्गही या शिकवणुकीच्या उलट होता. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. जपानमध्ये व्यापारात त्यांचा चांगला जम बसला होता. तो सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या 26 जणांत त्यांचा शेवट झाला. 1862 मध्ये रोमने त्यांना संत घोषित केले. पैशाकडून क्रुसाकडे गेलेल्या माणसाला देवाने टाकले होते असे त्यांच्या नावाने शाळा-कॉलेजे चालवणाऱ्या वसईत कोणी म्हणणार नाही. जिल्ह्याबाहेर पाहिले तरी, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह काढला. डहाणूला अमेरिकेतल्या ब्रदरन मिशनने प्रार्थनेबरोबर दवाखाना चालवला, कारण हिवतापाला क्विनाइन लागते हे त्यांना माहीत होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पाड्यावरच्या किंवा चाळीतल्या प्रार्थनेत जाऊ लागलेला माणूस दारू सोडतो, बायकोला मारणे थांबवतो, मुलांना शाळेत धाडतो, चार पैसे मागे टाकतो. मग शिकवण चुकीची कशी? हे बदल घडतात, जगभरच्या पेंटेकोस्टल मंडळ्यांत घडताना अभ्यासकांनी पाहिले आहेत, आणि ते मोलाचे आहेत. पण ते कशाने घडतात? आठवड्यातून तीनदा चौकशी करणारी माणसे मिळाली, गुत्त्याऐवजी बसायला जागा मिळाली, कोणीतरी नावाने हाक मारू लागले, यांनी घडतात. क्यूआर कोडवर पाठवलेल्या पाचशे रुपयांनी नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद आहे. म्हणजे उत्कट, अश्रूंची, आवाजी प्रार्थना महाराष्ट्राला परकी नाही. पण दुष्काळातून आणलेल्या त्या मुली प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती आणि छपाई शिकत होत्या. त्यांना कोणी बीज मागितले नाही. उलट त्यांच्यासाठी इतरांनी दिले.

दुसरा आक्षेप असा की नवस सगळ्याच धर्मांत आहेत, भगतही आहेत, बाबाही आहेत, मग ख्रिस्ती उपदेशकांनाच का धरायचे? धरायचे तर सगळ्यांनाच धरावे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराचा दावा करून पैसे मिळवणाऱ्याचा धर्म विचारत नाही, आणि 1954 चा जादूई उपायांच्या जाहिरातींवरचा केंद्रीय कायदाही विचारत नाही. तरी एक फरक नोंदवावा लागतो. नवस बोलणारा आधी मागतो आणि मिळाले तर फेडतो. न मिळाल्यास त्याचे देणे उरत नाही. समृद्धीच्या शिकवणुकीत रक्कम आगाऊ जाते, आणि पीक न आल्यास आणखी पेरायला सांगतात. शिवाय नुकसान पैशापुरते राहत नाही: क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडून ‘मी बरा झालो’ असे तोंडाने कबूल करत बसणारा रोगी स्वतःबरोबर घरच्यांनाही धोक्यात घालतो. व्हॅटिकनने 2000 साली चंगाईच्या प्रार्थनांवर सूचना काढून अशा सभांतल्या भडकपणाला आणि उन्मादाला आळा घालायला सांगितले, ते काळजीपोटीच.

तिसरी गोष्ट बोलताना खूप जपावे लागते. पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती प्रार्थनागटांवर संशय घेणारे आणि हात उगारणारेही आहेत, आणि अशी टीका त्यांच्या उपयोगी पडेल ही भीती खरी आहे. म्हणून हे स्वच्छ सांगितले पाहिजे की खोलीत दहाजणांना जमवून प्रार्थना करणारा बहुतेक पास्टर स्वतःच भाड्याच्या घरात राहतो, रोग्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेतो आणि कोणाला फसवत नाही. त्याला धमकावणे हा गुन्हा आहे. पण त्याच्या मंडळीच्या खिशातून जो पैसा पडद्यावरच्या दूरच्या आवाजाकडे जातो, त्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. मौन पाळून त्याचे रक्षण होत नाही. ही पारख ख्रिस्ती माणसांनीच, आपल्या शास्त्राच्या आधाराने, आधी केली पाहिजे.

आणि ती करायला फार विद्वत्ता लागत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक संस्थेला 1950 च्या न्यास कायद्याखाली नोंदणी आणि हिशेब-तपासणी बंधनकारक आहे. पैसे संस्थेच्या खात्यात जातात की व्यक्तीच्या, पावती मिळते का, नोंदणी क्रमांक कोणता, गेल्या वर्षी त्यातून काय झाले, आणि बरे न झालेल्यांबद्दल उपदेशक व्यासपीठावर कधी बोलतो का, हे कोणीही विचारू शकतो. विचारणारा अविश्वासू ठरत नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मंडळ्यांनी जमवलेली रक्कम नेताना पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली आणि करिंथकरांना लिहून कळवले की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून आपण देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही नीट वागायची खबरदारी घेत आहोत.