पहिल्या हंगामाचा आकडा काय सांगतो?

नवा खेळाडू मैदानात उतरला की त्याच्याबद्दल मत बनवायची आपल्याला फार घाई असते. पहिल्या दोन-चार सामन्यांत चमकला तर ‘पोरगं पुढे जाणार’, नाही चमकला तर ‘त्याच्यात दम नाही’. हा निवाडा गावच्या कबड्डीच्या मैदानावर जितक्या सहज होतो, तितक्याच सहज तो वर्तमानपत्रांत आणि निवड समितीच्या बैठकीतही होतो. पहिल्या हंगामाच्या आकड्यांत खेळाडूचं कसब किती आणि योगायोग किती, हे मात्र क्वचितच कुणी तपासतं. तपासणार तरी कसं? खऱ्या खेळात तो हंगाम एकदाच होतो, आणि खेळाडूचं खरं कसब कुठल्या कागदावर लिहून ठेवलेलं नसतं. या दोन्ही अडचणी जिथे नाहीत अशी एक जागा आहे. ती म्हणजे आभासी लीग: कल्पित संघ, कल्पित खेळाडू आणि सामने खेळवणारा संगणक. तिच्यातल्या नवख्याचा पहिला हंगाम नीट वाचला, तर खऱ्या मुलांना न्याय कसा द्यावा हे अधिक चांगलं कळतं, असं माझं म्हणणं आहे.

आभासी लीग अनेक खेळांच्या आहेत, त्यांत बर्फावरच्या हॉकीच्या लीग विशेष मुरलेल्या. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद किंवा खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे पायात स्केट घालून, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती मारत बर्फावर खेळायचा खेळ. हौशी लोकांनी चालवलेल्या अशा लीगमध्ये नवा सभासद एक कल्पित खेळाडू घडवतो. त्याला नाव देतो, वय ठरवतो, तो आघाडीवर खेळणार, बचावात की गोलमध्ये हे ठरवतो. सुरुवातीला खेळाडूच्या वाट्याला मोजकेच गुण येतात. ते वेगात घालायचे, फटक्यात घालायचे की पास देण्यात, ही निवड सभासदाची. मग ड्राफ्टमध्ये एखादा संघ त्याला घेतो, आणि त्या संघाचा व्यवस्थापकही असाच एक सभासद असतो. सामन्यांचे वृत्तांत लिहिणं, आकडेवारी मांडणं अशी लीगची कामं केली की खेळाडूचे गुण वाढतात. सामना मात्र कुणीच हाताने खेळत नाही. दोन्ही संघांचे गुण संगणकाच्या आज्ञावलीत जातात, प्रत्येक फटक्याला ती सोडत काढते, आणि चांगल्या खेळाडूच्या नावाच्या चिठ्ठ्या त्या सोडतीत थोड्या जास्त असतात, इतकंच.

ही कल्पना संगणकाबरोबर आली असं नाही. अमेरिकेत १९५१ साली ‘अॅपबा’ आणि १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे बेसबॉलचे घरगुती खेळ निघाले. त्यांत खेळाडूंची कार्डं आणि फासे यांच्या जोरावर अख्खे हंगाम खेळले जात. आपल्या शाळांत तर त्यालाही पैसे लागले नाहीत. कारंजा (घाडगे) असो, आर्वी असो की पुणे, मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलं गेलं नाही अशी शाळा सापडणं कठीण. पाठ्यपुस्तक कुठेही उघडायचं आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा आला तर तितक्या धावा, आठ आला तर बहुतेक ठिकाणी एक धाव, आणि शून्य आला की आऊट. डावं पान नेहमी सम क्रमांकाचं, म्हणून शक्यता पाचच. वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावं आणि त्यांच्यापुढे धावा. ही आभासी लीगच आहे, आणि तिचं गणित अगदी उघड आहे.

ते गणित जरा जवळून पाहू. पान उघडताना दर पाच वेळांतून एकदा शून्य येणार, म्हणजे फलंदाज बाद होण्याआधी सरासरी चार पानं खेळतो. त्या चार पानांवर सरासरी सव्वातीन धावा पडतात, म्हणून प्रत्येक फलंदाजाची खरी सरासरी १३. वहीत नाव कुणाचंही असो, कसब सगळ्यांचं तंतोतंत सारखं. तरीही दर पाच फलंदाजांत एक पहिल्याच पानावर भोपळा घेऊन परततो. दुसरीकडे दर दहांमागे साधारण एक जण दहा किंवा जास्त पानं तग धरतो आणि तिशी ओलांडतो. तीन डावांत किमान एकदा भोपळा मिळण्याची शक्यता जवळपास निम्मी. पोरं मात्र पुढच्या सामन्यात तिशी ओलांडणाऱ्याला सलामीला पाठवतात आणि दोनदा भोपळा घेणाऱ्याला शेवटी ढकलतात. जिथे फरक शून्य आहे तिथेही आपल्याला नायक दिसतो आणि नापास दिसतो. निवड समित्यांची चूक बहुतेकदा याच जातीची असते.

हॉकीतही हेच घडतं, फक्त आकडे वेगळे. व्यावसायिक बर्फ-हॉकीत गोलावर नेमक्या गेलेल्या साधारण दहा फटक्यांपैकी एक आत जातो. समजा आभासी लीगमधल्या दहा नवख्यांना अगदी सारखे गुण दिले आणि प्रत्येकाने हंगामात १०० फटके मारले. प्रत्येकाचे दहा गोल व्हायला हवेत. प्रत्यक्षात मात्र सर्वांत वरचा १४-१५ गोलांवर आणि सर्वांत खालचा ५-६ वर असण्याचीच शक्यता जास्त. वरच्याला सर्वोत्तम नवखा म्हणून बक्षीस मिळेल, खालच्याला संघ बदलावा लागेल. पुढच्या हंगामात वरचा दहाच्या आसपास आला की लोक म्हणतील, यशाची हवा डोक्यात गेली. खालचा दहावर चढला तर म्हणतील, ठेच लागली आणि शहाणा झाला. दोघांच्याही गुणांत कणभर फरक पडलेला नसेल. एका टोकाला गेलेला आकडा पुढच्या खेपेला मध्याकडे सरकतो, एवढीच ती गोष्ट.

आभासी लीगची खरी ताकद इथे दिसते. खेळाडूचे गुण तिथे लिहिलेले असतात आणि तोच हंगाम हजार वेळा खेळवता येतो. हीच युक्ती विसाव्या शतकातल्या विज्ञानाने वापरली. १९४६ साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं अवघड वाटलं, तेव्हा पुष्कळ डाव खेळून किती सुटले ते मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. जॉन फॉन नॉयमन यांच्या साथीने त्यातून ‘माँटे कार्लो’ पद्धत उभी राहिली, आणि ती आज अणुभौतिकीपासून हवामानापर्यंत वापरली जाते. एकच डाव पाहून डावाबद्दल बोलू नये, हा तिचा गाभा.

खऱ्या खेळाचा इतिहास हेच सांगतो. बर्फ-हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये जो थॉर्नटन १९९७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या हंगामात ५५ सामन्यांत त्याचे गोल झाले तीन. पुढे २००५-०६ मध्ये त्याच लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला. आपल्या घरचं उदाहरण आणखी ठळक आहे. सचिन तेंडुलकर १९८९ साली कराचीत पहिल्या कसोटीत १५ धावांवर बाद झाला. एकदिवसीय सामन्यांत पहिल्या दोन्ही डावांत त्याला भोपळा मिळाला, आणि या प्रकारातलं पहिलं शतक यायला १९९४ सालचा ७९ वा सामना उजाडावा लागला. त्याच मुंबईच्या मैदानांतून आलेल्या विनोद कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा केल्या, पण त्याची कसोटी कारकीर्द १७ सामन्यांतच थांबली. या तिघांच्या वाटा वळायला बरीच कारणं आहेत, सगळं काही योगायोगाने झालं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. पण पहिल्या पानावरून पुढचं पुस्तक वाचता आलं असतं का? तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असंच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की संगणकाच्या सोडतीत घाम नाही, दुखापत नाही, आईवडिलांच्या अपेक्षांचं ओझं नाही. मग खऱ्या मुलाबद्दल ती काय सांगणार? मुलाबद्दल ती काहीच सांगत नाही, हे मान्य. ती सांगते आपल्या निष्कर्षाबद्दल. जिथे घामाचा आणि मनःस्थितीचा प्रश्नच नाही तिथेही एका हंगामाचा आकडा इतका डळमळतो, तर जिथे ताप, पंचांची चूक आणि ओलं मैदान यांचीही भर पडते, तिथे तो जास्तच डळमळणार. खऱ्या जगाची गुंतागुंत माझं म्हणणं कमजोर करत नाही, उलट त्याला बळ देते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळं नशीबच असेल तर मुलांनी सराव कशाला करायचा? पण सगळं नशीब आहे असं ही लीग म्हणतच नाही. सभासद हंगामभर मेहनत करतो तेव्हा खेळाडूचे गुण खरोखर वाढतात. समजा त्यामुळे शंभरात दहाऐवजी बारा गोल व्हायला लागले. ही सुधारणा मोठी आहे, पाचव्या हिश्श्याने वाढ. तरीही बारावाला आणि दहावाला एकेक हंगाम खेळले तर दर चारांतल्या एकाहून अधिक वेळा कमी कसबाचा खेळाडूच जास्त गोल करून बसतो. मेहनत फळते, पण तिचं फळ लगेच आकड्यात दिसत नाही. कारंज्याच्या परिसरातल्या संत्रा बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. झाडांना ताण नीट दिला, खतपाणी वेळेवर केलं, पण ऐन वेळी पाऊस लांबला आणि मृग बहार फुटलाच नाही, म्हणून तो बागेवर कुऱ्हाड चालवत नाही. झाड कसं आहे ते तो वेगळं पाहतो आणि यंदाचा बहार कसा आला ते वेगळं. मुलांच्या बाबतीत आपण हा विवेक गमावतो.

तिसरी शंका जुगाराची. मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ‘ड्रीम११’ने संघ बनवायचा खेळ घराघरांत नेला. अशा स्पर्धांचा निकाल कौशल्यावर ठरतो, असा कौल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. मी ज्या लीगबद्दल बोलतो आहे त्यांत पैसा लावायचा नसतो, आणि तो लावला जाऊही नये. किंबहुना एका रात्रीच्या निकालात कौशल्याचा वाटा किती थोडा दिसतो हे ज्याने स्वतः मोजून पाहिलं आहे, त्याला ‘कौशल्यावर कमवा’ ही हाक सहजी भुलवू शकणार नाही. वहीवर खेळलेलं बुक क्रिकेट या दृष्टीने गणिताच्या तासाला मुद्दाम शिकवण्याजोगं आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. निवड तर करावीच लागते, दहा वर्षं थांबणार कोण? खरं आहे. म्हणूनच प्रश्न येतो तो निवड कशी करायची याचा. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. कारंजा तालुक्यात जिंकलेला संघ वर्ध्याला जातो, तिथे जिंकला तर नागपूर विभागात. सांघिक खेळांत बहुतेकदा बाद पद्धत असते, एक सामना हरला की वर्ष संपलं. समजा एक संघ इतका चांगला आहे की तालुक्यातल्या कुठल्याही संघाला तो दहातून सहा वेळा हरवेल. आठ संघांत पहिला यायला त्याला लागोपाठ तीन सामने जिंकावे लागतील, आणि त्याची शक्यता फक्त २१.६ टक्के. म्हणजे तालुक्यातला सर्वांत चांगला संघ पाचातून चार वेळा घरी बसतो. त्यातली मुलं दहावीला पोहोचेपर्यंत अशी दोन-तीन वर्षं गेली की ‘आपल्याच्यानं हे होत नाही’ हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

यावर उपाय आहेत, आणि त्यांना स्टेडियम लागत नाही. बाद फेरीआधी चार-चार संघांचे गट करून साखळी सामने घेतले, वेळ कमी असेल तर सामन्यांचा अवधी घटवला, तरी प्रत्येक संघाला एकाऐवजी किमान तीन सामने मिळतात. दुसरा उपाय मोजणीचा. हॉकीत गोल थोडे होतात म्हणून त्यांचा आकडा डळमळतो. मारलेले फटके जास्त असतात, म्हणून त्यांचा आकडा लवकर स्थिरावतो आणि खेळाडूबद्दल अधिक विश्वासाने बोलतो. कबड्डीत नुसते मिळवलेले गुण न लिहिता मुलाने किती चढाया केल्या, किती पकडींचा प्रयत्न केला, हेही क्रीडा शिक्षकाने नोंदवलं, तर हरलेल्या सामन्यातला चांगला खेळाडू कागदावर दिसू लागेल. आणि ती नोंदवही वर्षअखेरीस रद्दीत न टाकता तीन-चार वर्षं सांभाळली, तर नववीतल्या मुलीबद्दल बोलताना तिचा सहावीपासूनचा खेळ समोर असेल. पहिल्या हंगामाचा आकडा टाकून द्यावा असं कुणी म्हणत नाही. तो नोंदवावा, त्याच्या शेजारी पुढच्या हंगामांसाठी रकाने मोकळे ठेवावेत, आणि ते भरेपर्यंत त्या मुलाला संघात जागा द्यावी. तालुक्यापासून राज्यापर्यंत ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करणं मुळीच जास्त नाही.