सहीभोवतीचा पांढरा चौकोन

गणेश चतुर्थीचे निमंत्रण यंदा आमच्या मंडळीने संगणकावरूनच धाडले. चिटणीसकाकांची सही स्कॅन करून मी खाली ठेवली, तर सहीबरोबर आलेल्या कागदाच्या पांढऱ्या चौकोनाने त्यांचे छापील नावच झाकले! काका म्हणाले, "अरे, सही आहे, पण माणूस कुठे गेला?"

जेपेग चित्रात पारदर्शकपणाची सोयच नसते, पीएनजीत असते. कोऱ्या कागदावर काळ्या शाईने ठळक सही करावी. जिंप हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात 'कलर टू अल्फा' घेऊन पांढरा रंग निवडला की कागद नाहीसा होतो, शाई तेवढी उरते. स्कॅन करडे आले असेल तर आधी 'लेव्हल्स'ने कागद शुभ्र करून घ्यावा, नाहीतर सहीमागे मळकट छाया राहते. (माझी राहिली होती.) मग पीएनजी म्हणूनच साठवावे.

पण अशी सुटी सही कोणीही उचलून कुठल्याही कागदावर ठेवू शकतो. पीडीएफमधूनही ती काढता येते. निमंत्रणाला ठीक, जमिनीच्या किंवा पैशाच्या व्यवहाराला नव्हे. प्रमाणपत्र असलेली डिजिटल सही ही निराळी गोष्ट; तिची तरतूद मॉरिशसच्या २००० सालच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहार कायद्यात आहे.

काकांची सही मी त्यांच्याच पेनड्राइव्हवर देऊन टाकली आणि माझ्याकडची पुसली.