ड्रॅगनशी सामना (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

ड्रॅगनशी सामना हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळातील एक महत्त्वाचा प्रसंग आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. त्या पात्रांभोवतीचे सारे जग, त्यातील माणसे आणि राक्षस मात्र 'डंजन मास्टर', म्हणजेच सूत्रधार चालवतो. कृतीचे यशापयश फाशांवरून ठरते. ड्रॅगन खेळाच्या नावातच असला, तरी त्याच्याशी होणारा सामना रंगवणे सूत्रधाराला सोपे नसते. ड्रॅगन दुबळा भासला तर खेळाडूंचा अपेक्षाभंग होतो; आणि त्याचे सर्व बळ पूर्वसूचनेवाचून वापरले, तर महिनोन्‌महिने जोपासलेली पात्रे दोन फेऱ्यांत गारद होतात.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झाला. त्यातील ड्रॅगनची कल्पना युरोपीय परंपरेतून आली आहे. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात धनाची राखण करणारा ड्रॅगन आहे, तर टोल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीतील स्मॉग हा ड्रॅगन बोलका, धूर्त आणि आत्मप्रौढ आहे. मराठी वाचकाला येथे गुप्तधनावर बसलेला नाग आठवणे साहजिक आहे. मात्र तो दुसऱ्याच्या धनाचा राखणदार असतो, ड्रॅगन स्वतःला मालक समजतो.

आरंभीच्या नियमांत ड्रॅगन आजच्याइतका दुर्जेय नव्हता. तो झोपलेला सापडण्याची शक्यता नियमातच दिलेली असे, आणि त्याला न मारता नमवून विकण्याचीही सोय होती! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे बळ पुष्कळ वाढवण्यात आले.

नियमांतील स्वरूप

पुढील विवेचन २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार आहे. त्यातील प्रौढ तांबड्या ड्रॅगनचे उदाहरण घेता येईल. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, २५६ असते. तो एका पाळीत ८० फूट उडतो. माणसाचे पात्र सामान्यतः ३० फूट चालते. त्याच्या तोंडून निघणारा आगीचा झोत ६० फूट लांब आणि शंकूच्या आकाराचा असतो. त्याची हानी सहा बाजूंच्या १८ फाशांनी मोजली जाते, म्हणजे सरासरी ६३. दहाव्या पातळीच्या जादूगाराचे एकूण हिट पॉइंट बहुधा साठच्या आसपास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. अंग चुकवण्यात यशस्वी झालेल्या पात्राला निम्मी हानी होते. एकदा झोत सोडल्यावर पुढील प्रत्येक पाळीच्या आरंभी एक फासा टाकतात. ५ किंवा ६ पडले तरच तो पुन्हा वापरता येतो.

एवढे असूनही एकटा ड्रॅगन हरू शकतो, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. चार खेळाडूंना एका फेरीत चार पाळ्या मिळतात, त्याला एकच. ही उणीव भरून काढण्यासाठी इतरांच्या पाळ्या संपताच त्याला फेरीत तीन छोट्या जादा कृती करता येतात. एखाद्या मंत्राने तो जखडला जाणार असेल, तर दिवसातून तीनदा तो परिणाम त्याला नाकारता येतो.

सूत्रधाराची भूमिका

आकडे ठाऊक असूनही सामना फसतो, तो बहुधा एका चुकीमुळे: ड्रॅगन जमिनीवर उतरतो आणि बैलासारखा उभा राहून तलवारीचे घाव सोसतो. ज्याला पंख आहेत आणि माणसाहून अधिक बुद्धी आहे, तो असे का करील? तो दुरून झोत सोडून वर जाईल, पुन्हा झोत साधेपर्यंत टप्प्याबाहेर घिरट्या घालील. तथापि, पात्रांकडे धनुष्ये वा उडण्याचे मंत्र नसतील, तर हीच खेळी कंटाळवाणी कत्तल ठरते. अशा वेळी त्याला खाली आणणारे कारण त्याच्या स्वभावातच शोधावे लागते. कोणी त्याच्या संपत्तीला हात लावला, त्याचा अपमान केला, तर गर्विष्ठ तांबडा ड्रॅगन चवताळून खाली येतो. ही उकल नियमांत कोठे लिहिलेली नाही, पण अनुभवी सूत्रधार तिचा हमखास आधार घेतात.

स्वभाव रंगागणिक बदलतो. पांढरा ड्रॅगन इतरांच्या तुलनेत मंदबुद्धी, पण हिमप्रदेशातील तरबेज शिकारी असतो. काळा दलदलीत पाण्याखाली दबा धरतो आणि आम्ल ओकतो. निळा वाळूखाली लपतो. त्याची वीज सरळ रेषेत जाते, म्हणून एका ओळीत चालणारी टोळी त्याला आयती सापडते. हिरव्याशी लढण्यापेक्षा बोलणे अधिक धोक्याचे, कारण तो पट्टीचा खोटारडा आहे. सोनेरी, रुपेरी आदी धातुवर्णी ड्रॅगन बहुधा सज्जन असल्याने त्यांच्याशी लढाईचा प्रसंग क्वचितच येतो.

पूर्वसूचना आणि माघार

न्याय्यतेचा प्रश्न येथे खरा कळीचा आहे. सूत्रधाराच्या हाती अमर्याद सत्ता असते, तेव्हा पात्राचा मृत्यू खेळाडूला स्वतःच्या निर्णयाचे फळ वाटला पाहिजे. त्यासाठी खुणा आधी पेराव्या लागतात, आणि नियमांनीही त्या पुरवल्या आहेत. बलाढ्य तांबड्या ड्रॅगनच्या गुहेपासून सहा मैलांपर्यंत भूकंपाचे लहान धक्के बसतात, तर मैलभरातील पाणी कोमट आणि गंधकयुक्त होते. जळालेली कुरणे, गुराखी नसलेली वाडी, वितळून दगडाला चिकटलेले चिलखत अशी भर सूत्रधार स्वतः घालू शकतो. वितळलेले चिलखत पाहूनही सगळी पात्रे घोळक्याने गुहेत शिरली, तर पुढे जे होईल त्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही.

माघारीची वाटही हवी. ड्रॅगनचा देह मावणार नाही असा अरुंद बोगदा, खंडणी देऊन सुटण्याची संधी, किंवा त्याचे एखादे काम पत्करण्याचा करार, यांपैकी काहीही चालते. हीच मुभा ड्रॅगनलाही असते. शेकडो वर्षे जगणारा प्राणी निम्मे बळ सरल्यावर मरेपर्यंत झुंजत बसणार नाही. तो उडून जाईल, जखमा भरून काढील आणि हल्लेखोरांची नावे लक्षात ठेवील. काही खेळाडूंना असा निसटलेला शत्रू रुचत नाही, कारण निर्णायक विजयाचे समाधान मिळत नाही. परंतु महिन्याभराने ज्या गावात त्यांनी मुक्काम केला होता तेच जळालेले आढळले, की त्याच शत्रूचा माग काढण्यासाठी ती मंडळी पुन्हा खेळायला बसतात.