सगळ्या नंबरप्लेटींचा मुक्काम एकच

लातूरहून नांदेडची एसटी पकडा आणि खिडकी मिळवा. समोरून एमएच २४, एमएच २६ च्या गाड्या येतच राहतात. एकीचे शेवटचे चार आकडे टिपा. समजा ४०७१. आकडे उतरत्या क्रमाने लावले की ७४१०, चढत्या क्रमाने ०१४७. वजाबाकी ७२६३. तिच्यावर पुन्हा तेच: ७६३२ वजा २३६७, ५२६५. पुढे ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. आणखी एकदा करा बरं! ७६४१ वजा १४६७ म्हणजे... परत ६१७४!

आता ट्रकची प्लेट घ्या, ट्रॅक्टरची घ्या. शून्य गाळायचं नाही, एवढंच पथ्य. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ दारात उभा. अडतात फक्त ११११ किंवा ७७७७ सारखे नंबर, लोक ज्यांच्यासाठी आरटीओत जादा पैसे मोजतात. त्यांचं पहिल्याच फटक्यात शून्य!

हे १९४९ साली ज्यांनी शोधलं, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. हाताशी कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं अपार वेड.

पण असं का होतं? नंबर थिअरीच्या पहिल्या काही तासांत शिकवतात तेवढ्यावर उलगडा सुरू होतो. ४०७१ मध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक ७, मधल्या दोघांतला ३. सात वेळा ९९९ आणि तीन वेळा ९०, बेरीज बरोबर ७२६३! म्हणजे वजाबाकीला आख्खी प्लेट दिसतच नाही, दिसतात फक्त दोन फरक. ९९९ आणि ९० दोघांनाही नऊने भाग जातो, म्हणून उत्तरालाही जातोच. आणि असे फरक किती प्रकारचे? फक्त ५४! जवळजवळ दहा हजार प्लेटी पहिल्याच पावलात ५४ उत्तरांत गोळा होतात. मांजरा लातूर, बिदर, तेलंगण असा केवढा वळसा घेते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते, तसे हे ५४ ओढे वळत वळत एकाच ठिकाणी येतात.

तिथेच का? ६१७४ मधले फरक काढा: सातातून एक गेला, ६, सहातून चार गेले, २. सहा वेळा ९९९, दोन वेळा ९०... उत्तर ६१७४. हा आकडा स्वतःलाच जन्म देतो!

तीन आकड्यांनाही असाच एक मुक्काम आहे. पाच आकड्यांना मात्र नाही. ते चक्रातच फिरत राहतात. तीनचा मुक्काम कुठला, ते वाटेतलं लोहा येईपर्यंत सापडेल.