पाठपुरावा

शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकड्यांचा एक संकेतांक छापलेला असतो. सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे साल, महिना आणि तारीख. शेवटचे दोन आकडे विभागाचे. तिथे २५ दिसले की कागद नगरविकासचा. मंत्रालयात काय शिजलं याची खबर नंदुरबारच्या पालिकेला लागते ती बहुतेकदा अशा जीआरमधून किंवा राजपत्रातून, म्हणजे पानात वाढून झाल्यावर.

नंदुरबार, शहादा, नवापूर आणि तळोदा या जिल्ह्यातल्या चार नगरपरिषदा, आणि धडगावची एक नगरपंचायत. पाचही संस्थांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने चालतो आणि तो बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा. नगराध्यक्षाचंच पाहा. २०१६ मध्ये तो थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये नगरसेवकांमधून, २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. त्याआधी जकात गेली, तेव्हा नाक्यावर रोज जमणारा रोख गल्ला आटला आणि त्या जागी राज्याचं सहाय्यक अनुदान आलं. मग ते अनुदान कधी सुटतं याकडे पालिकेचे डोळे लागले.

कॅलिफोर्नियातली शहरं सॅक्रामेंटोला, म्हणजे त्यांच्या राजधानीला, पगारी माणसं ठेवतात. येऊ घातलेल्या विधेयकांवर नजर ठेवायची आणि आमदारांना गाठायचं एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे या कामाला ‘पाठपुरावा’ म्हणतात. तो मुख्याधिकारी आणि पदाधिकारी बाकीच्या शंभर कामांतून वेळ काढून करतात. त्यासाठी नंदुरबारहून मुंबई गाठायची तर रेल्वेही सुरतेवरून, म्हणजे परराज्यातून जाते.

पालिकेचं खरं हत्यार म्हणजे ठराव. विषयपत्रिकेवर विषय येतो, सूचक आणि अनुमोदक उभे राहतात, इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं जातं. मग प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून नगरपरिषद प्रशासन संचालनालयात, पुढे नगरविकास विभागात. प्रत्येक टेबलावर नवा आवक क्रमांक, नवी टिपणी. शिवाय कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. कायदा बदला असं सांगणारा ठराव मात्र कुणी थांबवायची गरजच पडत नाही. तो एखाद्या फायलीत पडून राहू शकतो. म्हणूनच त्याच्या मागे कुणाला तरी धावावं लागतं.

धावणारं हक्काचं माणूस राज्यघटनेने दिलेलं आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, त्यातली एक धुळे-नंदुरबारची. मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. डिसेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत इथे अमरीश पटेल ३३२ मतं मिळवून निवडून आले. विरोधातल्या अभिजित पाटलांना ९८ मतं पडली. वर्षभराने पटेल बिनविरोध आले. इतक्या थोड्या मतदारांना आपल्या आमदाराला नावानिशी जाब विचारता येतो. पण नगरसेवकच नसतील तर? २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत तिथे सभागृहंच नव्हती, मग सूचक-अनुमोदक कुठून येणार?

जिल्ह्याचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं तर फारसं बोललंही जात नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. खेड्यांसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे, २०१४ चे राज्याचे नियम आहेत, ग्रामसभेला अधिकार आहेत. शहरांसाठी कलम २४३-झेडसी सांगतं की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसद वेगळा कायदा करून तो लागू करू शकते. तसं विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आलं. त्याचा कायदा आजवर झालेला नाही.

पेसाचे नियम आले त्याच २०१४ साली तालुक्याच्या गावांना नगरपंचायती द्यायचं राज्याने ठरवलं. पुढे अक्राणीत धडगाव, वडफळ्या आणि रोषमाळ बुद्रुक मिळून नगरपंचायत झाली. सतरा वॉर्ड आले आणि ग्रामसभा गेली. शेजारच्या पाड्यावरची माणसं ग्रामसभेत बसून जमिनीबद्दल, गौण खनिजाबद्दल आपलं म्हणणं नोंदवतात. वडफळ्याच्या माणसाने ते कुठे नोंदवायचं?

विधेयक दिल्लीचं असलं तरी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, असा ठराव धडगावला करता येतो; नवापूर आणि तळोद्यालाही. त्यांचे नगरसेवक विधान परिषदेचे मतदार आहेत, आणि धुळे-नंदुरबारच्या जागेची मुदत जानेवारी २०२८ मध्ये संपते.