सराफ्यातलं उष्टं, बसच्या टाकीत
(शोधता शोधता : भाग ७)

मागच्या भागात आपण इंदूरच्या सराफ्यात भरपेट खाल्लं. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, आणि रात्री त्यांना कुलपं लागली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस, मालपुवे. थंडीत गराडू : कंदाच्या फोडी कुरकुरीत तळायच्या, वर जिरावण मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं. द्रोणात दोन फोडी राहतातच, कारण तोवर नजर शेजारच्या कढईकडे गेलेली असते. आज त्या दोन फोडींच्या मागे जायचंय.

त्या ओल्या कचऱ्यात पडतात. सकाळी गाणी वाजवत गल्लोगल्ली फिरणाऱ्या गाड्या घरोघरचं ओलं गोळा करतात, आणि हे सगळं इंदूरच्या कडेच्या देवगुराडियाला पोचतं. तिथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथेच गोबर-धन प्रकल्प सुरू झाला. तेव्हा क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची, आणि त्यातून सुमारे १७ टन बायो-सीएनजी.

नावात गोबर असलं तरी खाणं मुख्यतः स्वयंपाकघरातलं. ते बरंच आहे. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं. त्यात उरलेला कस तो किती? पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने हेच ओळखून शेणाऐवजी खरकट्यावर, पिठूळ पदार्थांवर चालणारं घरगुती गॅस-संयंत्र केलं. २००६मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाची गरज असते ती मुख्यतः सुरुवातीला, विरजणापुरती.

विरजण हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. लगदा हवाबंद टाकीत जातो. एका जातीचे सूक्ष्मजीव पिठाची, तेलाची आम्लं करतात. दुसरे ती आम्लं खाऊन मिथेन सोडतात. पहिले चटपटीत, दुसरे मंद. एकदम फार खाऊ घातलं की आम्लं साठतात, टाकी आंबते आणि गॅस थांबतो. दही आंबट झालं तर कढी करता येते, इथे तीही सोय नाही.

कच्च्या गॅसमध्ये मिथेन साधारण ६० टक्के. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. ते काढून टाकून उरलेला मिथेन दाबून भरला की त्यावर शहरातल्या बस धावतात. मागे राहतो त्या गाळाचं खत.

आता टाकीत प्लास्टिकची पिशवी गेली, तर ती ढवळणीला गुंडाळते. मिसळलेला कचरा गिळून असे प्रकल्प गावोगावी बंद पडलेत. इंदूर २०१७ ते २०२३ देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं, त्याचं मला वाटणारं कौतुक झाडूपेक्षा या ओलं-सुकं वेगळं करण्याच्या सवयीचं जास्त आहे.

आणि हवामान? त्याच दोन फोडी ढिगाऱ्याखाली कुजल्या असत्या तरी मिथेन निघालाच असता, फक्त थेट आभाळात. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो. बसमध्ये जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो खरा, पण तो कार्बन गराडूच्या वेलाने गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला.

पुढच्या भागात नर्मदा : जलूदहून पाणी इंदूरला चढवायला लागणारी वीज, आणि तिच्यासाठी महापालिकेने २०२३मध्ये काढलेले २४४ कोटींचे हरित रोखे.