वेगाचा काटा

बाजार समितीत सोयाबीन मोजताना आपण काट्यावरचा वैधमापनाचा शिक्का पाहतो. वेग मोजणारे रडारही काटाच आहे. आमच्या वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मोडली की नाही, हे असा काटा सांगतो.

रडारच्या लहरी धावत्या गाडीवर आदळून परततात, तेव्हा त्यांची वारंवारता बदलते. त्या बदलावरून वेग निघतो. मात्र यंत्र रस्त्याशी तिरके असल्याने हिशेबात कोन धरावा लागतो. मी आकडेमोड करून पाहिली: २० अंशांसाठी जुळवलेले यंत्र सरकून १५ अंशांवर आले, तर १२०च्या वेगातली गाडी १२३ दाखवील; २५ अंशांवर गेले, तर ११६. म्हणजे एक नट ढिला झाला, तरी निर्दोष माणसाला दंड होतो किंवा दोषी सुटतो.

म्हणून भिंग पुसणे एवढीच देखभाल पुरेशी नाही. कोनही तपासायला हवा. २०२१च्या नियम १६७-अ प्रमाणे अशा यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. १ जुलै २०२५पासून रडारला वैधमापनाची पडताळणी व शिक्काही लागू झाला. चलान हाती आल्यावर हा शिक्का विचारणे, हा माझ्या मते नागरिकाचा हक्कच आहे.